आवाज येस, बोल समजस नही : आप्पांच्या टीएमएस उपचारांचा अनुभव

९ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे माझ्या वडिलांना, आप्पांना, लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. अमळनेरमधले दोन दवाखाने करून जळगावला पोचेपर्यंत पाच तास उलटले होते. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे मला तिथं स्ट्रेचरशेजारी उभी असताना कळलं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. घरात कुणाचं तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना, तर घड्याळ बघा आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच थेट जा.

हातापायात लवकर जीव आला. दिवाळीपर्यंत आप्पा काठी घेऊन ओट्यावर येऊन बसू लागले. बोलत होते, भरपूर बोलत होते, पण त्यात मेळ नसायचा. "जेवण झालं का?" विचारलं की "हा, ती साडेदहानी गाडी" असं काहीतरी उत्तर यायचं. आप्पा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे गाडी, तिकीट, डेपो हे शब्द मधेच कुठूनही यायचे. आम्ही जोरात बोलायचो, अजून जोरात बोलायचो. ते आमच्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि शेवटी मान फिरवून घ्यायचे.

"यासना कानले काय तरी व्हयनं," माय म्हणाली. आम्हा सगळ्यांना तेच वाटलं. कानाची तपासणी केली, ६०० रुपये लागले. आलेख आला तो अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा येतो तसाच, बारीक उंच आवाज थोडे कमी, बाकी ठीक. तरीही जिथं तपासणी केली तिथल्या विक्रेत्याने ३२,००० चं श्रवणयंत्र घ्याच म्हणून सांगितलं आणि मी ५,००० आगाऊ भरून आले. ते परत मिळायला दीड महिना आणि सात फोन लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण आप्पा आतल्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजत होते. तिसरी शिट्टी झाली की मायला हात करायचे. ज्याला शिट्टी ऐकू येते त्याला "पाणी" का ऐकू येत नाही?

डिसेंबरमध्ये मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआयच्या फिल्मवर डाव्या कानाच्या वरचा भाग दाखवला. म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. कानातून आलेल्या आवाजाचे अक्षर करणारी जागा दुखावली आहे." या दुखण्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. त्याचे प्रकार आहेत. आप्पांचा जो प्रकार, त्याचं वर्णन कार्ल वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७४ सालीच केलं होतं. माणूस बोलतो घडाघडा, पण दुसऱ्याचं कळत नाही आणि स्वतःचं चुकतंय हेही कळत नाही.

हे ऐकून मी घरी आले आणि रात्री गळ्यावर बोट ठेवून "प" आणि "ब" म्हणून पाहिलं. तुम्हीही पाहा. ओठ दोन्हीला सारखेच मिटतात. "ब" म्हणताना ओठ उघडायच्या आधीच गळा थरथरायला लागतो, "प" ला उघडल्यावर थरथरतो. फरक असतो तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्याशा फरकावर "पाट" आणि "बाट" वेगळे राहतात. आपण दिवसभर हजारो वेळा हा फरक ओळखतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. आप्पांचं नेमकं तेच गेलं होतं.

जानेवारीपासून आठवड्यातून एकदा जळगावला स्पीच थेरपी सुरू केली. एका वेळचे ५०० रुपये. वाचोपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक मागितला म्हणून चांगल्या माणसाला राग येत नाही. आमच्या मॅडम साताऱ्याकडच्या, वयाने माझ्याहून लहान, आणि आप्पांशी बोलताना कधी आवाज चढवायच्या नाहीत. घाई न करता, लहान वाक्यं, समोर बसून, टीव्ही बंद करून बोला, हे त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. ओरडल्याने अक्षरं स्पष्ट होत नाहीत, उलट फाटतात. हे एकच वाक्य ऑक्टोबरमध्ये कुणी सांगितलं असतं तर आमच्या घरातले तीन महिने वेगळे गेले असते.

एप्रिलपर्यंत थोडा फरक पडला. मग डॉक्टरांनी टीएमएसचा विषय काढला.

टीएमएस म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाच्या साहाय्याने मेंदूच्या ठरावीक जागेला हलकी चेतना देणं. चिरफाड नाही, भूल नाही, सुई नाही. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडला की चुंबकक्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आत मेंदूत अगदी बारीक प्रवाह निर्माण करतं. शाळेत विज्ञानात शिकवतो तो फॅरेडेचा नियमच. १९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूवर हे पहिल्यांदा करून दाखवलं. अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली. वाचाघातासाठी मात्र अजून अभ्यासच चालू आहेत. आमच्या डॉक्टरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं: "काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. एकटं मशीन काही करणार नाही. मशीननंतर लगेच थेरपी करायची, तरच अर्थ आहे." ज्यांनी खात्री दिली नाही त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

टीडीसीएस नावाचा दुसरा प्रकारही त्यांनी समजावला. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधायचे आणि बॅटरीवरून एक ते दोन मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह वीसेक मिनिटं सोडायचा. ते स्वस्त पडतं, पण इथं उपलब्ध नव्हतं. सुरतहून भावाने लगेच ऑनलाइन मिळणाऱ्या एका यंत्राची लिंक पाठवली. डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलं. लकवा येऊन गेलेल्या मेंदूवर स्पंज कुठं ठेवायचा आणि किती वेळ, हे घरी अंदाजाने ठरवायचं काम नाही.

मशीन होतं ते मनोविकारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये. आमच्या गल्लीत हे कळल्यावर शेजारची मावशी हळूच विचारून गेली, "डोकाले करंट दी ऱ्हायनात का वं माय?" मला रात्रभर झोप आली नाही. आपण आप्पांना कुठं नेतोय, लोक काय म्हणतील, आणि काही कमीजास्त झालं तर? दुसऱ्या दिवशी फोन करून मी डॉक्टरांना सगळं विचारलं. विजेचा झटका देतात ते उपचार वेगळे, त्यात भूल देतात. यात माणूस जागा असतो, खुर्चीत बसून असतो, उठून बसने घरी जातो. धोका आहे तो फिट येण्याचा, तो विरळा, पण लकव्याच्या रुग्णाला आधी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढून खात्री करून घ्यावी लागते. ईईजीचे १,८०० झाले, निर्धोक निघाला.

संमतिपत्र चार पानांचं होतं आणि इंग्रजीत. मी मराठीतून मागितलं. मिळायला दोन दिवस गेले, पण मिळालं. आप्पांना कळत नाही म्हणून माझी सही चालेल असं स्वागतकक्षात सांगितलं गेलं. मी तसं केलं नाही. चित्रं काढून, हातवारे करून, कॉइलचा, म्हणजे त्या तारेच्या वेटोळ्याचा, फोटो दाखवून आम्ही आप्पांना समजावलं. त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, खाली मी केली. प्रश्नावलीत विचारतात: डोक्यात धातू आहे का, पेसमेकर आहे का, कानात बसवलेलं यंत्र आहे का, पूर्वी फिट आली होती का, औषधं कोणती. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

सुरुवात ६ मे २०२४ ची ठरली. सोमवार ते शुक्रवार, पंधरा सत्रं. मला उन्हाळी सुट्टी होती म्हणून हे जमलं.

सत्रं सुरू होण्याआधी, ३ मे रोजी, आप्पांची चाचणी झाली, आणि मला जे खरं सांगायचं आहे ते त्या खोलीत घडलं.

दोन भाग होते. पहिल्यात मॅडम तोंडासमोर कापडाचं वर्तुळ धरून दोन शब्द म्हणायच्या. दोन्ही सारखे वाटले तर एक बोट, वेगळे वाटले तर दोन बोटं. पान–बाण, काल–गाल, तार–दार. चाळीस जोड्यांत आप्पांच्या एकोणीस बरोबर आल्या. नुसता अंदाज केला तरी वीसच्या आसपास येतात, म्हणजे जवळजवळ शून्यच. दुसऱ्या भागात एका कार्डावर चार चित्रं आणि मॅडम एक शब्द म्हणणार. "माळ," मॅडम म्हणाल्या. कार्डावर फुलांची माळ होती, गाल होता, जाळं होतं आणि कडेवर मूल घेतलेली आई होती. आप्पांनी आईवर बोट ठेवलं. मॅडमनी फुली मारली. पुढचं कार्ड. "गाळ." आप्पांनी गाय दाखवली. फुली.

मी मागे बसले होते, मला मधे बोलायची परवानगी नव्हती. तिसऱ्या फुलीला मात्र राहवलं नाही. "मॅडम, हे चुकत नाहीयेत. आमच्याकडे ळ नाहीच."

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमचं जळगाव म्हणजे जयगाव, धुळे म्हणजे धुये, डोळा म्हणजे डोया. अहिराणीत, म्हणजे आमच्या बोलीत, ळ चा य होतो. आप्पांच्या घरात, शेतात, गल्लीत "माय" हाच आवाज दोन्हींसाठी आहे, फुलांची असली तरी आणि जन्म देणारी असली तरी. प्रमाण मराठीतला ळ ते नोकरीत रोज ऐकत होते, लकव्याआधी त्यांना तो कळतही होता. पण लकव्यानंतर उरलं होतं ते सगळ्यात खोलवरचं, आईच्या दुधासोबत आलेलं. मॅडम ळ म्हणत होत्या आणि आप्पांचा मेंदू जमेल तेवढा इमानाने त्याला य च्या खणात ठेवत होता. वीस शब्दांच्या यादीत पाच शब्द ळ चे होते. आजाराच्या नावावर पाच गुण विनाकारण गेले असते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चिडल्या नाहीत. "थांबा, हे मला परत सांगा," म्हणाल्या आणि फुल्यांभोवती गोल केले. मग त्यांनीच मला कॅनडातला एक प्रयोग सांगितला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा, १९८४ चा. इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त वेगळे ऐकू येतात का ते त्यांनी पाहिलं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो सुटला, कारण इंग्रजीला त्या फरकाची गरज नाही. म्हणजे वर्षाचं होण्याआधीच मूल घरातल्या बोलीचे खण पाडून ठेवतं. पुढे आयुष्यभर आवाज त्याच खणांत पडतात. मी सोळा वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. शुद्धलेखनात "शाया" लिहिणाऱ्या किती मुलांना मी लाल पेनाने गोल केले असतील! त्या खोलीत बसून मला ती सगळी वह्यांची पानं आठवली.

त्याच संध्याकाळी मी, माय आणि काकू वही घेऊन बसलो. अहिराणीतल्या, फक्त पहिलं अक्षर बदलणाऱ्या शब्दांची यादी करायची होती. मायने बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली: पोयी, होयी, गोयी, टोयी, मोयी, चोयी. मग गोया, पोया, डोया. भाकरी थापता थापता काकू भर घालत होती. दोन तासांत चौसष्ट शब्द झाले. शेवटी मी आप्पांच्या रूटचे थांबे लिहिले: पारोया, मुकटी, अजंग, फागने, धुये. एकतीस वर्षं दाराच्या दांड्याला धरून त्यांनी हीच नावं पुकारली होती. सोमवारी मॅडमनी नव्या यादीवर पुन्हा चाचणी घेतली. चाळीसपैकी तेवीस. तिथून आम्ही मोजायला लागलो.

६ मे. पहिला दिवस जास्त मोजमापाचाच. तंत्रज्ञ मुलाने आप्पांच्या डोक्यावर पोहायची असते तशी पांढरी टोपी घातली. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावली, या कानापासून त्या कानापर्यंत लावली, पेनाने खुणा केल्या. आप्पा लग्नात शेरवानीचं माप देताना उभं राहावं तसे ताठ बसून होते. मग आठच्या आकड्यासारखी कॉइल टोपीवर टेकवली. टक्. काहीच नाही. थोडी सरकवली. टक्. डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. आप्पांनी अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. पुढच्या टक्ला तरीही तो हातात हलला, तेव्हा ते हसले. सात महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

कमीत कमी किती जोराच्या ठोक्याला अंगठा हलतो त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरते. आप्पांची निघाली त्याच्या नव्वद टक्के ठेवली. चेतना द्यायची ती उजव्या बाजूला, म्हणजे धडधाकट बाजूला. हे मला आधी उलटं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "बैलजोडीतला एक बैल लंगडा झाला की दुसरा सगळं जू आपल्याकडे ओढायला लागतो, आणि लंगड्याला पाऊलच टाकता येत नाही. आपण या दुसऱ्याला जरा आवरायचं." सेकंदाला एक असे संथ ठोके त्या भागाला शांत करतात. असा विचार आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हेही त्यांनी जोडलं. वीस मिनिटं, बाराशे ठोके. आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे घालतात. चष्मा, घड्याळ, मोबाइल बाहेर ठेवायचे. सोबत बसणाऱ्यानेही बोळे मागून घ्यावेत, मी पहिल्या दिवशी मागितले नाहीत आणि घरी येईपर्यंत कानात टक्-टक् चालू होतं.

ठोके संपले की पाच मिनिटांत शेजारच्या खोलीत थेरपी. चेतनेचा परिणाम साधारण अर्धा-पाऊण तासच टिकतो, तेवढ्यात मेंदूला काम द्यायचं. मॅडम पोयी–गोयी म्हणायच्या, आधी तोंड दाखवून, मग झाकून. आप्पांना प्रत्येक शब्द स्वतःही म्हणायला लावायच्या. का, तर ऐकणं फक्त कानाकडच्या भागाचं काम नसतं. इटलीतल्या फेरारा इथं २००९ मध्ये अलेस्सांद्रो द'आउसिलियो आणि सहकाऱ्यांनी टीएमएसनेच एक गोष्ट पाहिली होती. मेंदूत ओठ हलवणाऱ्या जागेला चेतना दिली की गोंगाटातसुद्धा प, ब सारखे ओठांचे आवाज लोक लवकर ओळखत, आणि जीभ हलवणाऱ्या जागेला दिली की त, द सारखे जिभेचे. बोलायच्या यंत्रणेचा ऐकण्याला हात लागतो तो असा. त्यामुळे आप्पांचे ओठ हलते ठेवायचे हा आमचा घरचा नियम झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं थोडं दुखलं, पॅरासिटामॉलने थांबलं. पुढे तसं काही झालं नाही.

प्रवास सांगते. उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे. सकाळी सातची एसटी, साडेदहाची वेळ. आप्पांचं ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, माझं महिला म्हणून अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. रिक्षा धरून रोजचे साधारण ३०० रुपये जायचे. परतीच्या बसला दुपारची वेळ टाळता येत नव्हती, म्हणून ओला पंचा, कांदा आणि पाण्याची मोठी बाटली. डोक्यावर टोपीच्या खुणा राहतात, त्या घासून काढू नका, तंत्रज्ञाला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतात.

पाचवं सत्र आलं ते १० मेला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. क्लिनिक दुपारपर्यंत उघडं होतं. माय म्हणाली, सणाच्या दिवशी नको. घागर पुजायची होती, सांजोऱ्या झाल्या होत्या, माहेरवाशिणी आल्या होत्या, आणि मीही तर माहेरवाशीणच. पण ओळीने पाच दिवस मोडायचे नव्हते. आम्ही पहाटे घागर पुजून निघालो आणि दोन वाजता परत आलो. निंबाच्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. शब्द कळत होते का मला माहीत नाही. गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनेही जातं असं मॅडम म्हणायच्या. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ पोरींबरोबर हलत होते. मी आत जाऊन आमरसाची वाटी भरली आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले.

१३ मेला जळगावचं लोकसभेचं मतदान. क्लिनिक बंद, आणि माझी निवडणूक ड्युटी. ती रद्द व्हावी म्हणून मी एप्रिलमध्येच वडिलांच्या आजाराचे कागद जोडून अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. १२ ला साहित्य घ्यायचं, १३ ला रात्री उशिरा जमा करायचं. १४ ला आप्पांना चुलतभाऊ घेऊन गेला. सत्राआधी रोज एक छोटा फॉर्म भरतात: झोप किती झाली, जेवण केलं का, औषध बदललं का. आदल्या रात्री गल्लीतली लाइट गेली होती, आप्पांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चुलतभावाने खरं ते लिहिलं आणि त्यांनी त्या दिवशीचं सत्र रद्द केलं. झोप नसली की फिट येण्याचा धोका वाढतो. साठ किलोमीटर जाऊन परत आले म्हणून घरात सगळे चिडले. मला मात्र त्या क्लिनिकबद्दल तेव्हा खात्री पटली. हा फॉर्म कधीही "सगळं ठीक" म्हणून भरून टाकू नका.

अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत मला काहीच फरक दिसत नव्हता आणि मी ते मॅडमना रडत सांगितलं. त्यांनी आलेख दाखवला: चोवीस, तेवीस, पंचवीस, चोवीस. शेवटच्या आठवड्यात तो हलला. २८ मेला पंधरावं सत्र झालं, त्या दिवशी चाळीसपैकी एकोणतीस. सप्टेंबरच्या फेरतपासणीत एकतीस. आता यात मशीनचं किती, रोजच्या थेरपीचं किती, अहिराणी यादीचं किती आणि नुसत्या दिवसांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फोनवर आप्पांना अजून कळत नाही. लग्नाच्या पंगतीत, जिथं चारजण एकदम बोलतात, तिथं ते दहा मिनिटांत थकतात. पण समोर बसून एकाने हळू बोललं तर बहुतेक कळतं. आणि जूनमध्ये एका संध्याकाळी, भावाचा फोन मायच्या हातात परत देत, ते स्वतःहून म्हणाले, "आवाज येस, बोल समजस नही." आपल्याला काय होतंय हे त्यांनी पहिल्यांदा शब्दांत सांगितलं. त्यांच्या आजारात हीच जाणीव आधी हरवते.

खर्च: पंधरा सत्रांचे २२,५००, पहिल्या दिवसाच्या मोजमापाचे २,०००, थेरपीचे ७,५००, ईईजी १,८००, प्रवास साधारण ४,५००. एकूण ३८,३००. विमा कंपनीने दावा नाकारला, दवाखान्यात भरती नव्हती म्हणून. पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार आहेत का ते आधी वाचून घ्या. कुणी "आम्ही संशोधनासाठी करतोय" असं म्हटलं तर त्या चाचणीची भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद आहे का ते विचारा, आणि सत्राचे पैसे का घेताय तेही विचारा.

अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे आणि त्यात वाचाघाताचं नाव घेऊन उल्लेख आहे. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन भरता येतो. आम्हाला तीन फेऱ्या पडल्या. पहिल्यांदा खिडकीवर "हातपाय तर चालतात" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा तपासणारे रजेवर होते. तिसऱ्या वेळी मी कायद्याच्या त्या पानाची प्रत आणि मॅडमचा अहवाल सोबत नेला. ऑगस्टमध्ये कार्ड पोस्टाने आलं.

सप्टेंबरमध्ये मॅडमनी आमची यादी टाइप करून मागितली. शिरपूरकडचे एक बाबा त्यांच्याकडे नव्याने येत होते, तेही अहिराणीच बोलणारे. रविवारी मी लॅपटॉप घेऊन बसले, माय एकेक शब्द सांगत होती, कूलर घोंघावत होता. आप्पा मायच्या समोर खाटेवर होते. पोयी, गोयी, टोयी. पुढचा शब्द मी टाइप केला आणि पडताळून घ्यायला मोठ्याने वाचला, "होयी."

"होयी नही," आप्पा म्हणाले. काठीने खाटेच्या पायावर एकदा ठोकलं. "मोयी."

माय हसली. तिने मोयीच म्हटलं होतं. मी खोडून नीट केलं.